उष्टावणाचा चमचा

मे महिन्यात सकाळचे अकरा वाजले की चारुशीला किन्हीकरांच्या स्वयंपाकघराचा वर्ग होत असे. पारा पंचेचाळिसावर गेलेला असताना मुलांना स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, खाली खेळायला सोडण्याचे धाडस कोणतीच आई करीत नसे. दोन तास का होईना, कुणीतरी त्यांना कूलरसमोर बसवून ठेवते, एवढेच त्या आयांना या वर्गाचे कौतुक. चारुशीलाबाईंना तो इतका किरकोळ वाटत नव्हता. एकतीस वर्षे त्यांनी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले होते. निवृत्तीनंतर वर्षभरातच यजमान, शरच्चंद्र गेले आणि दिवस लांबट, बिनआकाराचे झाले. लिंबू, खाण्याचा सोडा, मीठ, हळद, साखर एवढ्या सामानावर चालणारा हा उन्हाळी वर्ग त्यांनी चार वर्षांपूर्वी सुरू केला तेव्हा कुठे त्यांना पुन्हा सकाळी लवकर उठावेसे वाटू लागले.

वर्गाचा नियम एकच होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे ‘मी काय पाहिले’ आणि उजवीकडे ‘मला काय वाटते’. मुले दोन्हींची सरमिसळ करीत. नात अदिती अकरा वर्षांची होती, हुशार होती. पण डावीकडच्या रकान्यात ती हटकून ‘खूप मजा आली’ असे लिही. तिचा धाकटा भाऊ अपूर्व सात वर्षांचा. तो चित्रे काढी. समोरच्या फ्लॅटमधली रितिका अदितीची वही पाहून लिही. वेळेसकट आणि मापासकट लिहिणारी एकच मुलगी वर्गात होती, ती म्हणजे उन्नती.

उन्नती शामलाची मुलगी. शामला किन्हीकरांकडे आणि त्याच इमारतीतल्या आणखी तीन घरी भांडी घाशी. पहिल्या उन्हाळ्यात आईबरोबर आलेली ही आठ वर्षांची मुलगी दारातून वर्गाकडे पाहत होती. तिला आत बोलावून स्टूल देणाऱ्या चारुशीलाबाईच होत्या. सुनेने, पायलने, तेव्हा भुवया उंचावल्या होत्या, पण अडवले नव्हते. आता उन्नती बारा वर्षांची झाली होती. वर्ध्याच्या वाटेवरच्या एका निवासी शाळेची लेखी परीक्षा तिने उत्तीर्ण केली होती, आणि आठवीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण, शिक्षण सगळे तिथे मोफत होते. अर्जासोबत आता एकच कागद जोडायचा राहिला होता: मुलीला निदान दोन वर्षे ओळखणाऱ्या, तिच्या शाळेबाहेरच्या एखाद्या सुशिक्षित व्यक्तीचे तिच्या अभ्यासाविषयी आणि वर्तणुकीविषयीचे पत्र. शाळेच्या नागपुरातल्या कार्यालयात अर्ज देण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. शामलाच्या ओळखीत असे पत्र देणारे दुसरे कुणीच नव्हते.

प्रवेश झाला नाही तर काय, तेही ठरलेले होते. उन्नतीचे वडील जितेंद्र हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जात. त्यांची बहीण कन्हानला खाणीच्या रस्त्यावर खानावळ चालवी, आणि पोळ्या लाटायला घरची मुलगी हवी म्हणून दोन वर्षे तगादा लावून होती. यंदा तिला नाही म्हणायला त्यांच्याजवळ दुसरे कारण उरले नव्हते.

चारुशीलाबाईंनी पत्र सोमवारीच टाइप करून ठेवले होते. शुक्रवारी माझ्याकडून घेऊन जा, असे त्यांनी शामलाला सांगितले होते. शामलाने ओला हात पदराला पुसून त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या संकोचल्या होत्या आणि मनातून सुखावल्याही होत्या.

मंगळवारी चांदीचा प्रयोग होता. काळवंडलेली चांदी न घासता कशी उजळते हे दाखवायचे, म्हणून पायलने देवघरातल्या काही वस्तू काढून दिल्या होत्या: एक करंडा, दोन निरांजने आणि उष्टावणाचा चमचा. हा चमचा बोटाएवढाच होता आणि त्याच्या दांड्यावर पोपट कोरलेला होता. शरच्चंद्रांना, पुढे त्यांच्या मुलाला आणि मग अदिती-अपूर्वला पहिल्या खिरीचा घास याच चमच्याने भरवला होता. पातेल्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून चारुशीलाबाईंनी त्यावर मीठ आणि सोडा टाकला, कढत पाणी ओतले आणि करंडा अलगद आत सोडला. पोपटाच्या पंखांच्या खाचांमध्ये काळे फार खोलवर बसले होते. फॉइल चहूबाजूंनी टेकली तरच ते निघेल, असे सांगून त्यांनी चमचा फॉइलच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळला आणि ती पुडी पाण्यात ठेवली. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. अपूर्वने नाक धरून, हा वास रितिकाचा आहे असे जाहीर केले, आणि त्यावर बराच वेळ हसणे चालले.

साडेबाराला शामलाने खालून हाक मारली आणि उन्नती गेली. पाठोपाठ पुण्याहून भाचीचा फोन आला. तो संपेपर्यंत बाकीची मुले कंटाळून टीव्हीपुढे जाऊन बसली होती. चारुशीलाबाईंनी एकटीनेच सगळे आवरले. करंडा आणि निरांजने पुसून देवघरात ठेवली, पाणी ओतून दिले, करड्या पडलेल्या फॉइली गोळा केल्या, चुरगळून कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. एकच्या सुमारास शामला येऊन भांडी घासून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली आणि बादली रिकामी झाली.

चमचा नाही हे बुधवारी पायलच्या लक्षात आले; त्या दिवशी ती घरूनच ऑफिसचे काम करीत होती. त्या वेळी मुले हळदीचे कागद करण्यात गुंतली होती. स्पिरिटमध्ये हळद कालवून तिच्यात पांढरे कागद बुडवायचे, पंख्याखाली वाळवायचे. मग लिंबाने पिवळा राहतो, साबणाने लाल होतो, हे पाहायचे. पायलने देवघर दोनदा पाहिले, ओटा पाहिला, मोरीची जाळी काढून पाहिली. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने कुणाचेही नाव न घेता विचारले की, काल चमचा शेवटी कुणाच्या हातात होता. विचारताना तिची नजर ज्या एका स्टुलावर थांबली, ते सगळ्यांनीच पाहिले.

“मम्मी, आपण टेस्ट करू,” अदिती म्हणाली. “चोराचा हात लागला की हा कागद लाल होतो.”

“कोण म्हणालं?”

“मीच शोध लावला.”

तिला तसे खरोखरच वाटत होते असे नाही. सुटी लांबली होती, घरात पहिल्यांदाच काही घडत होते, आणि हातात लाल होणारा कागद होता. पायलने तिला अडवले नाही. चारुशीलाबाईंनी अडवायला हवे होते. पण त्या क्षणी त्यांच्यातली शिक्षिका पुढे झाली. मुलांना करू द्यावे, चुकीचा निष्कर्ष काढू द्यावा आणि मग तो त्यांच्याच हातून मोडून दाखवावा. याहून चांगला धडा कोणता, असा विचार करून त्यांनी चौघांनाही हात ओले करायला सांगितले.

अपूर्वचा कागद पिवळा राहिला. अदितीचा राहिला. रितिकाने डोळे मिटून हात टेकवला, तोही पिवळाच राहिला. उन्नतीने हात उचलला तेव्हा कागदावर अख्खा पंजा उमटला होता, विटेसारखा लाल, बोटांच्या पेरांसह.

रितिकाने आपले स्टूल थोडे बाजूला ओढले. उन्नती मात्र हसली. चटकन उत्तर सुचलेल्या मुलीचे ते हसणे होते. हे साबणाचे आहे, ती म्हणाली. ती आत्ताच आईबरोबर चौथ्या मजल्यावरची भांडी घासून आली होती, वडीचा साबण अजून हाताच्या चिरांमध्ये असणार. अदितीने वडी हाताला चोळून धुवावी, तिचाही कागद लाल होईल. अदितीने हात पाठीमागे नेले.

“मग काकू, तुम्ही करून पहा ना,” उन्नती पायलला म्हणाली.

पायलने केले. कदाचित मुलीचे म्हणणे खोटे ठरेल अशी तिची अपेक्षा असावी. तिने मोरीवरची वडी हाताला चोळली, हात नळाखाली धरला आणि कागदावर दाबला. कागद लालभडक झाला.

“मम्मी चोर,” अपूर्व टाळ्या वाजवत म्हणाला, आणि सगळी मुले हसली. उन्नतीही हसली.

पायल हसली नाही. तिने हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. मग सासूकडे पाहून म्हणाली, “फारच तयारीची आहे हो तुमची विद्यार्थिनी. इतकं डोकं चालते, तर चमचा कसा न्यायचा हे सुचायला किती वेळ लागते?”

उन्नतीचे हसू थांबले. पायलने तिची कापडी पिशवी मागितली, ओट्यावर उलटी केली. त्यातून वही, पेन, पाण्याची बाटली आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा निघाला. काल नेला असेल तर आज पिशवीत कसा सापडेल, असे पायल स्वतःशीच बोलली. म्हणजे पिशवीत चमचा निघाला नाही, हाही एक पुरावाच झाला.

त्यावर उन्नतीने ओट्यावरून आपली वही उचलली. मंगळवारचे पान उघडून तिने डावा रकाना मोठ्याने वाचला: बारा वाजून अठ्ठावीस मिनिटे, करंडा उजळला, चमचा अजून फॉइलच्या पुडीत, पुडी पातेल्यात, मी घरी जात आहे. एकही शब्द चुकला नाही.

“मॅडम, म्हणजे मी गेली तेव्हा चमचा पुडीतच होता,” ती म्हणाली. “मग ती पुडी नंतर कोणी उघडली?”

प्रश्न इतका सरळ होता की चारुशीलाबाईंनी त्याचे उत्तर मनातल्या मनात शोधायला सुरुवातही केली. पुडी उघडल्याचे त्यांना आठवेना. आठवले ते दुसरेच. फॉइली चुरगळताना मुठीत काहीतरी टणक लागले होते. फॉइलची घडी असेल म्हणून त्यांनी ते अंगठ्याने दोनदा दाबले होते, आणि गोळा बादलीत टाकताना तो बादलीच्या काठावर आपटून टण्ण वाजला होता. चमचा सकाळीच कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याकडे गेला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने टाकला होता.

“मॅडम, तुम्ही उघडली का? फक्त एवढं सांगा, म्हणजे—”

“पुरे, उन्नती.”

“पण मॅडम—”

“पुरे म्हटलं ना. मोठ्यांना असे उलटे प्रश्न विचारायचे नसतात.”

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणत्याही विद्यार्थ्याला म्हटले नव्हते.  उन्नतीने वही मिटली, पिशवी भरली आणि ती गेली.

चारुशीलाबाई गप्प राहिल्या त्याला कारण होते, आणि ते त्यांना क्षुल्लक वाटत नव्हते. मार्चमध्ये दोनदा त्यांच्या हातून गॅसचे बटण सुरू राहिले होते, ज्योत नसताना. दुसऱ्या वेळी पायल ऑफिसातून वेळेवर आली म्हणून निभावले. एप्रिलमध्ये त्या बँकेतून परतताना दोन गल्ल्या चुकल्या होत्या. मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले, तपासण्या झाल्या आणि घरात त्यांच्यासमोर बोलण्याचा एक नवा मऊ स्वर सुरू झाला. आणखी एकदा असे काही झाले तर स्वयंपाकघराला कुलूप आणि वर्ग बंद, असे पायलने स्पष्ट सांगितले होते; मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवायची जोखीम ती घेणार नव्हती. तिचे चूक होते असेही म्हणता येत नव्हते. घराण्याचा चमचा कचऱ्यात टाकला, असे कबूल करणे म्हणजे ते कुलूप स्वतःच्या हाताने लावून घेणे होते.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. पिशवीत काही सापडले नाही. मुलीवर काही सिद्ध झाले नाही. पत्र तयार आहे, शुक्रवारी ते द्यायचे, मुलगी शाळेत जाईल, आणि एका बोटाएवढ्या चमच्याचे चार दिवसांत कुणाला काही वाटणार नाही. मग कधीतरी सवडीने सांगता येईल.

पण बुधवारी संध्याकाळीच पायलने इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कामवाल्यांच्या मुलांना घरात घेताना सर्वांनी काळजी घ्यावी, असा निरोप टाकला. नाव लिहिले नव्हते. ते लिहायची गरजच नव्हती. गुरुवारी चौथ्या मजल्यावरून आणि तळमजल्यावरून शामलाला, काही दिवस येऊ नको, म्हणून सांगण्यात आले. आणि सासूबाई अजून पत्र देणार आहेत हे कळल्यावर पायलला खरोखर धक्का बसला.

“आई, तुम्ही वर्तणूक चांगली म्हणून सही करणार? तिथं उद्या तिनं काही केलं, तर ते लोक कोणाचं नाव घेतील?” मग तिने आपल्या दृष्टीने न्याय्य अशी वाट सुचवली. मुलीने घरी येऊन कबूल करावे, माफी मागावी. लहान आहे, मोह होतो. चमचा मिळो न मिळो, मी विषय सोडीन, ग्रुपवर चूक झाली म्हणून लिहीन आणि तुम्ही खुशाल पत्र द्या.

चारुशीलाबाईंनी तेव्हा बोलायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी विचार केला की मुलीला दोन शब्द बोलावे लागतील, त्यांचा कागदावर काही मागमूस राहणार नाही, आणि त्यांच्या बदल्यात पाच वर्षांची शाळा मिळेल. हा हिशेब त्यांना त्या घटकेला माणुसकीचा वाटला. गुरुवारी दुपारी शामला भांडी घासायला आली तेव्हा ही अट त्यांनी स्वतः तिच्या कानावर घातली. अतिशय सौम्यपणे सांगितली. शामलाने हातातली कढई खाली ठेवली आणि विचारले, “तुमाले बी वाटते का काकू, उन्नतीनं नेला म्हणून?”

“मला काय वाटतं याला महत्त्व नाही, शामला. मुलीचं वर्ष वाचवायचं आहे.”

 शामलाने कढई पुन्हा उचलली आणि जरुरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घासली.

शुक्रवारी तीन वाजता दोघी आल्या. बाहेर ऊन इतके होते की जिन्यातले लोखंडी कठडेसुद्धा तापले होते. उन्नतीने शाळेचा गणवेश घातला होता, कारण इथून परस्पर कार्यालयात जायचे होते. तिच्या डाव्या गालावर चार बोटांचे वळ होते. कबूल कर म्हणून शामलाने तिला रात्री आणि पुन्हा सकाळी मारले होते, आणि ते लपवण्यासारखे आहे असे दोघींनाही वाटत नव्हते. पायल मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. ती सोफ्यावर बसली. अदितीला आणि अपूर्वला आत पाठवले होते, पण अदिती पडद्याआड उभी होती आणि तिचे पाय दिसत होते.

“बोल वं,” शामला म्हणाली.

“मी नाही घेतला.”

“उन्नते, हात जोडते तुले. दोन शब्दाचं काम आहे. पाच वाजता त्याहीचं हापिस बंद होते.”

“मी घेतलाच नाही तर काहून म्हणू?” उन्नतीने चारुशीलाबाईंकडे वळून विचारले. बुधवारनंतर ती प्रथमच त्यांच्याशी बोलत होती. “मॅडम, तुम्हीच सांगा. जे झालंच नाही ते म्हणायचं का?”

चारुशीलाबाईंनी मान खाली घातली. एवढे बोलून त्या मोकळ्या झाल्या असत्या: चमचा मी टाकला. हे शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले होते, आणि समोर बसलेल्या सुनेच्या चेहऱ्यावरची ती मऊ, काळजीची, सगळे समजून घेणारी मुद्रा त्यांना आधीच दिसू लागली होती. त्या म्हणाल्या, “आई सांगते तसं कर, बाळ.”

पायल घड्याळाकडे पाहून उठू लागली. ज्या मुलीला चूकच कबूल नाही तिच्यासाठी आपण तरी किती करायचे, असे काहीसे ती म्हणाली. तेव्हा शामला मध्ये आली.

“तिनं नाही नेला, ताई. मी नेला.”

 पायल पुन्हा बसली. तिने विचारले, कधी? मंगळवारी, भांडे घासतानी. कुठे आहे? इकला. कुठे? इतवारीत, सोनाराकडे. सगळी उत्तरे शामलाने जमिनीकडे पाहत, जराही न अडखळता दिली. शब्द तिने वाटेतच जुळवून आणले असावेत. शेवटचा उपाय म्हणून ते जवळ ठेवले होते आणि आता काढले होते. पायलच्या चेहऱ्यावर रागापेक्षा समाधानच अधिक होते. गोष्ट अखेर जागेवर बसली होती.

“आई, तू खोटं बोलून राहिली,” उन्नती म्हणाली.

“नाही.”

“माह्यासाठी म्हणून राहिली. मले माहीत आहे.” तिने आईचा दंड धरला. “चमचा तर पुडीत होता. बाहेरून दिसतच नव्हता. तुले कसं समजलं आत काय आहे ते?”

शामलाने क्षणभर मुलीकडे पाहिले. आपण तिच्यासाठीच खोटे बोललो हे आता कबूल केले, तर ही पोरगी पत्राला हात लावणार नाही, हे तिला पुरते ठाऊक होते. तिने तशाच सपाट आवाजात सांगितले की, बादलीत फॉइलचा गोळा होता, तो हाताला जड लागला, म्हणून तिने उघडून पाहिला.

उन्नतीचा हात आईच्या दंडावरून खाली आला. चारुशीलाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काय घडले ते त्यांना समजले. तीन दिवस मुलीजवळ एक प्रश्न होता, ज्याचे उत्तर कुणीच देत नव्हते. ते उत्तर आता मिळाले होते आणि ते सगळ्या बाजूंनी बरोबर बसत होते: वेळ, पुडी, गोळ्याचे वजन, सगळे. शामलाने ते अंदाजाने रचले होते आणि नकळत ती सत्याच्या इतकी जवळ गेली होती की खोट काढायला जागाच नव्हती. ती खोट दाखवू शकेल असे एकच माणूस त्या खोलीत होते.

“खरंच?” उन्नतीने विचारले.

“हो,” शामला म्हणाली.

मग पायलने भराभर निकाल दिला. पोलिसात जाणार नाही. इतकी वर्षे काम केले आहे. पण उद्यापासून इथे यायचे नाही आणि बाकीच्या घरांनाही सांगावे लागेल, त्याला इलाज नाही. मुलीचा दोष नाही, तिला पत्र मिळेल. शामलाने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. तिने फक्त पाच वाजण्याची आठवण करून दिली.

चारुशीलाबाई आत जाऊन सोमवारचे पत्र घेऊन आल्या. त्यांनी ते लिफाफ्यात घालण्यापूर्वी उन्नतीने मागून घेतले. ते तिच्याविषयी होते, आणि कोणताही कागद वाचल्याशिवाय पुढे द्यायचा नाही ही सवय तिला त्यांनीच लावली होती. ती उभ्यानेच वाचत गेली. पाचव्या ओळीवर ती थांबली.

“मॅडम, इथं लिहिलं आहे, ‘ही विद्यार्थिनी कष्टाळू व प्रामाणिक कुटुंबातील आहे.’”

“हो.”

“हे चुकीचं आहे आता.”

“राहू दे वं,” शामला म्हणाली.

उन्नतीने आईकडे पाहिले नाही. कागद तिने चारुशीलाबाईंसमोर टेबलावर ठेवला आणि त्या ओळीखाली बोट धरले. खोटे वाक्य असलेले पत्र ती देणार नाही, तिने सांगितले. ते काढले तर देईन. पायल म्हणाली की पोरगी खरे बोलते आहे, आणि पहिल्यांदाच तिने उन्नतीकडे कौतुकाने पाहिले.

प्रिंटरची शाई संपली होती. चारुशीलाबाईंनी कोरा कागद घेतला आणि पत्र हाताने उतरवू लागल्या. चार वाजून पाच मिनिटे झाली होती. प्रत्येक ओळ संपली की त्यांना वाटे, आता पेन ठेवावे आणि सांगावे. आणि प्रत्येक वेळी त्या पुढची ओळ सुरू करीत. त्यांचे अक्षर नेहमीसारखेच सरळ, सुवाच्य आले. पाचव्या ओळीशी त्या अडल्या. मग त्यांनी लिहिले, ‘विद्यार्थिनी स्वतः प्रामाणिक आहे.’ खाली सही केली आणि तारीख घातली.

उन्नतीने पुन्हा पहिल्यापासून वाचले. पाचव्या ओळीवर तिची नजर थोडा वेळ राहिली.

“हे बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि कागद घडी करून लिफाफ्यात घातला.

शामला दारात चप्पल शोधत होती. तिने मागे वळून चारुशीलाबाईंना हात जोडले. पोरीचे भले झाले, एवढेच म्हणाली. उन्नती तोवर जिना उतरू लागली होती. शामला घाईने तिच्या मागे गेली. लिफाफ्याला घामाचा हात लावू नको, ऊन लागेल, डोक्यावर दुपट्टा घे, असे ती मागून सांगत होती. पहिल्या वळणावर तिने मुलीला गाठले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. उन्नती एक पायरी खाली उतरली. शामलाचा हात मागेच राहिला.